परक्या डोक्यांच्या टोप्या

माणसाला आपल्या पायाचा नंबर पाठ असतो. सदऱ्याचा चाळीस की बेचाळीस हे तो झोपेतही सांगेल. कमरेचा आकडा सांगताना जरा श्वास आत ओढून घेईल, पण सांगेल. बोटाचं माप सोनाराच्या वहीत असतं. डोक्याचं माप मात्र कुणाला विचारून बघा. ज्या अवयवाचा आपल्याला जन्मभर सगळ्यांत जास्त अभिमान असतो आणि ज्याच्याविषयी इतरांना सगळ्यांत जास्त शंका असते, त्याचा घेर किती हे भल्याभल्यांना ठाऊक नसतं.

माझा ५९ सेंटिमीटर. अमेरिकन हॅटवाल्यांच्या भाषेत सात पूर्णांक तीन अष्टमांश. घेर इंचांत मोजायचा आणि त्याला भूमितीतल्या ‘पाय’ने (π) भागायचं, की डोकं बिनचूक गोल असतं तर त्याचा व्यास किती भरला असता ते कळतं. कुणाचंच डोकं गोल नसतं, तरी या नंबरावाचून कुणाचं अडत नाही. इंग्लंडात हाच नंबर एक अष्टमांशाने कमी धरतात, त्यामुळे तेच डोकं लंडनला पोचलं की सव्वासात होतं. विलायतेला जाऊन आल्यावर माणसाचं डोकं फुगतं, हा आपल्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. हॅटच्या हिशेबात ते आक्रसतं, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

या विद्येच्या नादी मी लागलो तो थंडीमुळे. कनेक्टिकटात आमचं बिऱ्हाड आहे आणि इथला जानेवारी टकलाला दयामाया दाखवत नाही. बायकोने पहिल्याच हिवाळ्यात बॅगेतून माकडटोपी काढून दिली. माकडटोपी ही अत्यंत प्रामाणिक वस्तू आहे. ती थंडी शंभर टक्के अडवते आणि त्या बदल्यात तुमची प्रतिष्ठाही शंभर टक्के काढून घेते. तिच्यातून सुटण्याची वाट शोधत असताना मला इस्टेट सेलमध्ये फेल्ट हॅट भेटली.

इथे घरातलं म्हातारं माणूस गेलं की मुलं घराचं दार उघडं ठेवतात आणि बशीपासून पलंगापर्यंत सगळ्याला किमतीची चिठ्ठी लावतात. त्याला म्हणायचं इस्टेट सेल. येणारी गर्दी दिवाणखान्यातल्या काचसामानावर तुटून पडते. मी आता सरळ निजायच्या खोलीतल्या कपाटाची वरची फळी गाठतो. तिथे मागच्या बाजूला गोल खोका असतो, आणि खोक्यात, मालक गेल्याचं अजून कुणी न कळवल्यासारखी, हॅट ऐटीत बसलेली असते.

हॅट हातात आली की डोक्यावर घालायची घाई करायची नाही. आधी ती उलटी करून आतली चामड्याची घामपट्टी वाचायची. स्टेटसन, नॉक्स, डॉब्ज, मॅलरी यांपैकी एखादं नाव सोन्याच्या अक्षरांत उमटवलेलं दिसतं. त्याखाली ज्या दुकानातून ती घेतली त्या दुकानाचं आणि गावाचं नाव. दुकान बहुधा केव्हाच बंद पडलेलं. पट्टी हळूच दुमडली की मागे नंबराची कागदी चिठ्ठी आणि हॅट कामगारांच्या युनियनचं लेबल सापडतं. लेबलाच्या नमुन्यावरून जाणकार हॅटचं दशक सांगतात. काही हॅटमध्ये एक विनोदी छापील कार्ड खोचलेलं असतं. त्याचा आशय असा, की ही तुझी नाही, मुकाट्याने जागच्या जागी ठेव, आणि खाली खऱ्या मालकाच्या नावासाठी कोरी रेघ. उपाहारगृहांतल्या खुंट्यांवर एकसारख्या राखाडी हॅट रांगेने लटकत, तेव्हाची ही तजवीज. पैसे मोजून बाहेर पडल्यावरही ते कार्ड आपल्याकडे संशयाने बघत राहतं.

हे सगळं ज्याच्यावर उभं आहे ते फेल्ट म्हणजे खरं तर मुद्दाम घडवलेला गुंता. न विंचरलेल्या केसांची जट होते ना, अगदी तसा. सशाच्या किंवा बीव्हरच्या लोकरीच्या प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, वाफ आणि दाब यांच्या माऱ्याने ते एकमेकांत असे अडकतात की पुन्हा सुटत नाहीत. विणकाम नाही, शिवण नाही. सच्छिद्र शंकूवर लोकर हवेच्या झोताने बसवतात, मग तो भलामोठा हलका शंकू पुन्हा पुन्हा गरम पाण्यातून काढून आटवत आटवत डोक्याच्या बेताचा करतात. बीव्हरच्या आतल्या लोकरीचे तंतू या अडकण्यात सर्वांत तरबेज. ही त्याची गुणवत्ता त्याच्या जिवावर बेतली. युरोपातले बीव्हर हॅटसाठी जवळजवळ संपवून झाल्यावर मंडळी उत्तर अमेरिकेकडे वळली. १६७० साली स्थापन झालेली हडसन्स बे कंपनी प्रामुख्याने याच कातड्यांवर पोसली गेली, आणि न्यू यॉर्क शहराच्या मोहरेवर आजही बीव्हर आहेत. एकोणिसाव्या शतकात रेशमी हॅटची फॅशन आली आणि उरलेसुरले बीव्हर वाचले. फॅशनने कुणाचा जीव वाचवल्याची उदाहरणं फार नाहीत, म्हणून हे नोंदवून ठेवतो.

आमच्याच राज्यात डॅनबरी नावाचं गाव आहे. १७८० साली झेडॉक बेनेडिक्टने तिथे हॅटचा कारखाना काढला आणि पुढे शे-दीडशे वर्षं ते गाव अमेरिकेच्या डोक्यावर बसलं. सशाच्या लोकरीचे तंतू चटकन अडकावेत म्हणून ती पाऱ्याच्या द्रावणात भिजवत. लोकर गाजरासारखी नारिंगी होई आणि कामगारांच्या अंगात पाऱ्याची वाफ भिनून हात थरथरू लागत. त्या थरथरीला गावाचंच नाव पडलं होतं. अमेरिकेत पाऱ्याचा हा वापर थांबला तो १९४१च्या अखेरीस. त्याच गावच्या कामगारांनी एका कारखानदाराच्या मालावर बहिष्कार पुकारला, तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, १९०८ साली निकाल विरुद्ध लागला आणि साध्या कामगारांची राहती घरं नि बँकेतल्या ठेवी जप्तीत अडकल्या. आज तिथे हॅटचे कारखाने नाहीत. हायस्कुलाच्या संघाला मात्र अजून ‘हॅटर्स’ म्हणतात आणि गावच्या आइस हॉकी संघाचं नाव ‘हॅट ट्रिक्स’ आहे. जुनी हॅट डोक्यावर चढवताना तिची नजाकत पाहून आपण हरखतो. ती कुणाच्या तरी थरथरत्या हातांतून आलेली असू शकते, हे आठवलं की हरखणं जरा बेताचं होतं.

त्या काळी हॅट ही हौस नव्हती, शिस्त होती. उन्हाळ्यात गवती हॅट, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून फेल्ट. १५ सप्टेंबरनंतर गवती हॅट घालणाऱ्याची हॅट हिसकावून पायदळी तुडवण्याचा न्यू यॉर्कच्या पोरांना जणू परवानाच होता. १९२२ साली पोरांना धीर निघाला नाही. त्यांनी दोन दिवस आधीच, १३ तारखेला, मॅनहॅटनमध्ये हॅट ओढायला सुरुवात केली. लोकांनी प्रतिकार केला, खिळे ठोकलेल्या काठ्या निघाल्या, मारामाऱ्या झाल्या, अटका झाल्या आणि हा गोंधळ बरेच दिवस चालला. पंचांग न पाळल्याबद्दल इतकी कडक शिक्षा आपल्या कुठल्याही शास्त्राने सांगितलेली नाही.

आणि मग ही शिस्त एकाएकी मोडली. दोष बिचाऱ्या केनेडींना देतात. १९६१च्या शपथविधीला ते बोडक्याने गेले आणि अमेरिकेने हॅट टाकली, अशी कथा आहे. प्रत्यक्षात ते उंच रेशमी हॅट घालून गेले होते, फक्त शपथ आणि भाषण यांपुरती त्यांनी ती काढली. लोकांना भाषण आठवतं, हॅट आठवत नाही. खरं कारण साधं असावं. मोटारींची छपरं खाली आली आणि माणसं पायी चालेनाशी झाली. डोक्यावर छप्पर असलेल्या माणसाला आणखी हॅट कशाला?

आपल्या देशात फेल्ट हॅट म्हटली की एकच चेहरा समोर येतो. १९२८च्या डिसेंबरात साँडर्सच्या वधानंतर लाहोरात पोलिसांचा कडेकोट पहारा होता. त्यातून भगतसिंग कोट-हॅटमधले साहेब होऊन रेल्वेत बसले, दुर्गाभाभी लहान मुलाला घेऊन मेमसाहेब झाल्या आणि आपल्या खेडचे राजगुरू त्यांचे नोकर. पोलिसांची नजर शीख तरुण शोधत होती. पुढल्या एप्रिलमध्ये, असेंब्लीत बॉम्ब टाकण्याच्या थोडं आधी, भगतसिंगांनी दिल्लीत काश्मिरी गेटच्या स्टुडिओत हॅट घालून फोटो काढून घेतला. आज एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीपासून रिक्षाच्या पाठीपर्यंत तोच फोटो दिसतो. हॅट ओळख लपवण्यासाठी डोक्यावर चढली आणि तीच ओळख होऊन बसली. हॅटमध्ये हा गुण आहे. ती घातली की माणूस घटकाभर दुसरा कुणीतरी होतो. आमच्यासारख्यांच्या बाबतीत त्यातून इतिहास वगैरे घडत नाही, पण किराणा आणायला जाताना पाठ जरा ताठ होते.

घरात मात्र हॅटचा रुबाब चालत नाही. जुन्या हॅटला पोक आलेलं असतं. ते काढायला वाफ लागते, आणि आमच्या घरातली सर्वोत्तम वाफ मोदकपात्राची. एका चतुर्थीला मोदक उतरल्यावर मी त्याच वाफेवर एक राखाडी स्टेटसन धरून तिच्या माथ्याला चिमटा देत होतो.

“अहो, हे काय?” बायको म्हणाली.

“कळ्या पाडतोय,” मी म्हणालो.

तिने एकवीस मोदक नैवेद्याच्या ताटात मोजून ठेवले आणि हॅट नैवेद्यात धरली जाणार नाही एवढंच सांगितलं. तिचा खरा राग कसरीवर आहे. कसरीला फेल्ट फार आवडतं. ती शालूला तोंड लावत नाही, पण चाळीसच्या दशकातला बीव्हर दिसला की थेट पंगतीला बसते. त्यामुळे आमच्या पाहुण्यांच्या खोलीला कायम डांबराच्या गोळ्यांचा वास असतो आणि पाहुणे ठरल्यापेक्षा लवकर परततात. या फायद्याचं श्रेय बायको हॅटला देत नाही, हा माझ्यावर अन्याय आहे.

माझे वडील साताऱ्याला शाळामास्तर होते. काळ्या टोपीशिवाय त्यांनी कधी उंबरठा ओलांडला नाही. त्या पिढीला आपला टोपीचा नंबर पाठ असे, वडिलांचा साडेबावीस. हॅटबद्दल त्यांचा आक्षेप राजकीय नव्हता, व्यवहाराचा होता. आपल्याकडे देवापुढे, मोठ्यांपुढे बोडक्याने जायचं नाही. तिकडे देवळात शिरताना आणि बाईमाणसापुढे हॅट काढायची. “एका डोक्याने दोन्ही कसं सांभाळणार?” असं ते विचारायचे. हॅटवाल्या माणसाला दिवसभर चढव-उतार करत राहावं लागतं, त्यापेक्षा टोपी बरी; एकदा घातली की झोपताना काढायची.

तर अशा बऱ्याच हॅट जमल्या आणि हळूहळू एक गोष्ट लक्षात येऊ लागली. त्यातली एकही माझी नव्हती. चामडं फार लक्षात ठेवतं. एका हॅटचा मालक उजवीकडे कललेल्या डोक्याचा होता. दुसऱ्याच्या कपाळावर चांगलाच घाम येत असे. तिसऱ्याची अक्षरं ‘जे. आर. डब्ल्यू.’, हे सद्‌गृहस्थ हॅट पुढून चिमटीत धरून काढत, त्यामुळे तिथे चीर पडली आहे. नंबर माझाच, पण आकार त्यांचा. मी पट्टीमागे कागदाच्या घड्या घालून, कुठे कापूस खोचून त्यांच्या डोक्यांशी जुळवून घेत होतो. उभ्या आयुष्यात साहेबांशी, सासुरवाडीशी, सोसायटीच्या चिटणीसाशी जुळवून घेतलं, आता मेलेल्या अनोळखी माणसांच्या डोक्यांशीही जुळवून घ्यायचं, हे फारच झालं. एक तरी हॅट बेतून घ्यावी असं मनात आलं.

पण हॅट करणारा निवडायचा कसा? शिंपी निवडणं सोपं. ज्याच्याकडे मेहुण्याची विजार बिघडलेली असते, तिथे जायचं नाही. हॅटवाले गावोगाव नसतात आणि त्यांचं गिऱ्हाईक शेजारीपाजारी सापडत नाही. किंमत पाचशे डॉलरपासून हजारापर्यंत आणि पुढेही, वर थांबायचं काही महिने. त्यामुळे मी आधी नुसतं भेटून यायचं ठरवलं.

पहिला गृहस्थ मुळात घोडेवाल्यांच्या हॅट करणारा. त्याने माझ्यासमोर चार इंची कडेची हॅट धरली. आरशात बघितलं तर घोडा हरवल्याची तक्रार नोंदवायला आलेला माणूस दिसला. दुसरा तरुण आणि कलावंत. तो नव्या कोऱ्या हॅटला ज्योत लावून जागोजागी भाजायचा, भोकं पाडायचा, फितीत काड्यापेटीतली काडी खोचायचा आणि त्याचे वेगळे पैसे लावायचा. हे काम आमच्याकडे कसर फुकट करते, म्हणून नम्रपणे निघालो. तिसरा फक्त ‘एक्स’मध्ये बोलायचा. हॅटच्या दर्जाला ५एक्स, १०एक्स, १००एक्स अशा पायऱ्या लावायची रीत आहे आणि जास्त एक्स म्हणजे जास्त बीव्हर असा समज आहे. गंमत अशी की हे माप सगळ्यांना सारखं लागू नाही, प्रत्येक घराणं आपापले एक्स आपणच ठरवतं. आपल्या मुलाला आपणच मार्क द्यायचे, तशातला प्रकार. मी विचारलं, यात बीव्हर किती नि ससा किती? त्याने आणखी एक्स सांगितले.

चौथ्याच्या दुकानात शिरलो तेव्हा तो एका हॅटला बारीक सँडपेपर घासत बसला होता. भिंतीला लाकडी ठोकळे, प्रत्येकावर नंबर. फेल्ट कुठलं, असं विचारल्यावर त्याने सरळ सांगितलं, “मी फेल्ट करत नाही. माझ्यासारखं कुणीच करत नाही. हे कच्चे साचे मोजके कारखाने करतात, काही पोर्तुगालमधून येतात. माझं काम त्यापुढचं.” पुढचं म्हणजे वाफेवर मऊ करून ठोकळ्यावर ओढणं, कडेपाशी दोरीने आवळणं, इस्त्री, घासणं, आगीच्या हलक्या झळीने उभे तंतू जाळणं, कड कापणं, हाताने पट्टी शिवणं. आपल्याला काय येत नाही हे जो माणूस आधी सांगतो, त्याला बाकीचं येत असावं, असा माझा अंदाज आहे.

मग त्याने कपाटातून कॉन्फॉर्मॅटर काढला. १८४३ साली पॅरिसच्या एका कारागिराने शोधलेलं हे यंत्र अजून चालतं. डोक्याभोवती पातळ पट्ट्यांचं कडं बसतं, प्रत्येक पट्टी आपापल्या जागी डोक्याला टेकते, आणि वरच्या झाकणातल्या टाचण्या एका कागदावर त्या आकाराची छोटी नक्कल टोचतात. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर १६७६पासून चालत आलेलं लॉक नावाचं दुकान आहे. एका डोळ्याची दृष्टी गेलेल्या नेल्सनची, डोळ्यावर सावली धरणारी हॅट त्यांनीच केली. तिथे थोरामोठ्यांच्या डोक्यांचे असे कागद जपून ठेवले आहेत. थोरांची डोकी वाकडीतिकडी असतात हे त्यावरून जगाला कळलं. माझा कागद बघितला तर डाव्या कानामागे एक ठळक फुगवटा आणि उजव्या कपाळाशी चपटी जागा. मी थोडा हिरमुसलो. कारागीर म्हणाला, “छान आहे. लंबगोल डोकी कंटाळवाणी असतात.” असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. माझी निवड तिथेच अर्धी झाली.

उरलेली अर्धी त्याच्या नकारामुळे झाली. ‘कॅसाब्लांका’मधल्या हंफ्री बोगार्टचा फोटो मी खिशात घेऊन गेलो होतो. तो बघून झाल्यावर त्याने माझी मान बघितली, खांदे बघितले आणि म्हणाला, “हॅट उत्तम आहे. त्याला.” मग विचारलं, “तुम्ही ही घालून कुठे जाणार?” मी यादी दिली: वाचनालय, पोस्ट, इंडियन ग्रोसरी, संध्याकाळचा फेरफटका, महिन्यातून एकदा मराठी मंडळ. सांगता सांगता कळलं, की आपल्या आयुष्यात बोगार्टला शोभेल असा एकही प्रसंग शिल्लक नाही. जुनी हॅट असलं काही विचारत नाही, म्हणून तर ती घ्यायला आवडते. तिच्या मालकाच्या उंचीत, ऐटीत, भूतकाळात आपण गुपचूप शिरतो. इथे प्रथमच कुणीतरी माझ्या मापाने माझाच विचार करत होतं, आणि तो विचार सव्वादोन इंची कड, मध्यम माथा आणि पावसात न उतरणारा करडा रंग, इथवर येऊन थांबला होता. तो ऐकून मला वाईट वाटलं नाही, याचं मलाच नवल वाटलं.

शेवटी त्याने वही उघडली. “पट्टीवर नावाची अक्षरं घालतो. तीन. मधलं कोणतं?”

इथल्या लोकांचं मधलं नाव बारशाला ठेवलेलं असतं आणि पुढे फारसं लागत नाही. आपलं मधलं नाव म्हणजे वडील. मी त्यांचं अक्षर सांगितलं आणि त्याने ते सोन्यात घालायचं म्हणून लिहून घेतलं. ज्या माणसाने जन्मभर हॅटला नाकं मुरडली, तो आता माझ्या फेल्ट हॅटमध्ये कायमचा मुक्कामाला आला. हॅट आली तेव्हा मी ती आधी उलटी करून वाचली, सवयीप्रमाणे. वडील असते तर आधी किंमत विचारली असती आणि ती ऐकून बराच वेळ बोलले नसते. मग चष्मा पुसून पट्टी उजेडात धरली असती आणि तीन अक्षरं एका रेषेत आली आहेत का, हे तपासलं असतं. दोन मार्क शुद्धलेखनाचे त्यांनी कुणालाच सोडले नव्हते.